तीन दावेदार आणि एक प्रेत

ज्याच्या जिभेला सगळं कोडंबाक्कम, म्हणजे चेन्नईतली तमिळ चित्रपटसृष्टी, वचकून असतं, त्या माणसानं आपल्या पहिल्याच चित्रपटात स्वतःसाठी भूमिका ठेवली ती प्रेताची. नाव सी. इलमारन, पण या नावानं त्याला चेन्नईत फारसं कुणी ओळखत नाही. निळा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसतो म्हणून तो ‘ब्लू सट्टै मारन’. ‘तमिळ टॉकीज’ हे त्याचं यूट्यूब चॅनल. आवाज न चढवता, सपाट सुरात तो नव्या चित्रपटाची कथा सांगायला लागतो आणि नुसती कथा सांगता सांगताच त्या चित्रपटाची रया जाते. २०१७ साली अभिनेता अजितच्या ‘विवेगम’वर त्यानं केलेल्या परीक्षणामुळे चाहत्यांबरोबर चित्रपटसृष्टीतली माणसंही खवळली होती. तोच माणूस स्वतः चित्रपट काढतोय म्हटल्यावर या शहरातल्या चित्रपटवेड्यांचे कान टवकारणारच. १० डिसेंबर २०२१ला ‘अँटी इंडियन’ लागला. कथा, पटकथा, संवाद, दिग्दर्शन त्याचं, आणि संगीतसुद्धा त्याचंच.

मी तो बघितला, आणि तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून आहे. परीक्षकाच्या स्वतःच्या कलाकृतीचं परीक्षण कसं करायचं? त्याच्याच तराजूत त्याला तोलायचं, की तराजू बदलायचा? हा प्रश्न मला गमतीचा वाटत नाही. ज्याला दुसऱ्याच्या कामातलं हीण चटकन दिसतं, त्याच्या हातून स्वतःचं काम कसं होतं, यात टीका आणि निर्मिती यांच्या नात्यातलं बरंच काही उघडं पडतं.

आधी गोष्ट सांगते. चेन्नईत पोटनिवडणुकीचे दिवस आहेत. बाशा नावाच्या एका माणसाचा खून होतो. प्रेत घरी येतं आणि त्याला पुरायचं की जाळायचं यावरून वाद पेटतो. घराण्याच्या इतिहासात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धागे आहेत, त्यामुळे तिन्हीकडची माणसं मध्ये पडतात. मग पक्ष, मग पोलीस, मग मुख्यमंत्री. राधा रवी, नरेन, वेला राममूर्ती अशी मुरलेली नटमंडळी आजूबाजूला, आणि मध्यभागी निपचित पडलेला मारन. चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्रही सहजासहजी मिळालं नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं सेन्सॉरविरुद्ध दाद मागायचं अपील न्यायाधिकरण बरखास्त केलं होतं, तेव्हा निर्मात्यांना जायला जागाही कमी उरल्या होत्या. अशा काळात तीन धर्म आणि सगळे पक्ष एकाच तिरडीभोवती उभे करायला छाती लागते. ती त्याच्याकडे होती, हे आधी मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे.

आणि कल्पना या शहराची होती. चेन्नईत मरण दाराआड होत नाही. घरासमोर रस्त्यावरच मांडव पडतो, प्लॅस्टिकच्या खुर्च्या येतात, काचेची शीतपेटी येते, कोपऱ्यावर गेलेल्याच्या फोटोचा भलामोठा बॅनर लागतो. मग पऱै वाजायला लागतो. आगीवर शेकून ताणलेलं ते कातडं, त्यावर एक लांब आणि एक आखूड काठी. ठेका असा की रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाचाही पाय क्षणभर अडखळावा. फुलांनी मढवलेला रथ निघतो, पुढे पोरं नाचतात, पाकळ्यांच्या मुठी उधळल्या जातात, आणि मागाहून येणाऱ्या बसेस त्या झेंडू-शेवंतीच्या लगद्यावरून जातात. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांमध्ये मरणाच्या रात्री ‘गाना’ प्रकारची गाणी गाणारे गायक बसतात आणि गेलेल्या माणसावर जागच्या जागी पदं रचतात. महाराष्ट्रातून इथं आलेल्या माणसाला पहिल्यांदा हे सगळं पाहून धक्का बसतो; आपल्याकडे टाळ-मृदंगानं निघणारी वारकऱ्याची अंत्ययात्रा आठवली की मग जवळचं वाटू लागतं. असं हे सार्वजनिक मरण, आणि त्यावर हक्क कुणाचा हा प्रश्न. तमिळ चित्रपटाला इतका अस्सल, इतका स्थानिक विषय वरचेवर मिळत नाही.

मग कुठं बिनसलं?

मारननं आयुष्यभर ज्या ज्या गोष्टींवर कोरडे ओढले, त्यातली एकही त्यानं आपल्या चित्रपटात येऊ दिली नाही. नायकाची टाळ्याखाऊ एंट्री नाही, कारण नायक मेलेलाच आहे. परदेशातलं प्रेमगीत नाही. शंभर गुंडांना लोळवणारा कुणी नाही. त्यानं चुकांची यादी डोळ्यासमोर ठेवली आणि प्रत्येक चूक टाळली. त्या टाळण्यानं जी जागा रिकामी झाली, तिथं माणसं यायला हवी होती. तिथं मतं आली. पडद्यावर येणारं प्रत्येक पात्र कुठल्या तरी गटाचा नमुना म्हणून येतं, आपल्या गटाचा ढोंगीपणा स्वतःच्या तोंडानं बोलून दाखवतं आणि बाजूला होतं. पुढचं पात्र तेच दुसऱ्या गटासाठी करतं. टीका खरी आहे, नेम अचूक आहे. पण ती मारनच्या परीक्षणात जशी असते तशीच आहे, फक्त निळा शर्ट अनेकांनी वाटून घेतलेला. चित्रपट संपल्यावर बाशा कोण होता, त्याला काय आवडायचं, तो गेल्यानं कुणाच्या ताटातला घास थांबला, हे मला सांगता येत नव्हतं. त्याच्या प्रेतावरून काय काय झालं ते मात्र क्रमवार सांगता येत होतं.

इथं मला वेताळाची एक गोष्ट आठवते, आणि ती आठवायला कारण आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. त्यातली एक मंदारवतीची. तीन तरुण तिच्यावर सारखेच अनुरक्त. लग्न ठरण्याआधीच ती मरते. एक जण तिच्या चितेच्या जागी खोपट बांधतो आणि तिच्या राखेवर झोपतो. दुसरा तिच्या अस्थी घेऊन गंगेला जातो. तिसरा बैरागी होऊन भटकतो आणि कुठून तरी मृताला उठवणारा मंत्र मिळवून परततो. राख, अस्थी आणि मंत्र एकत्र येतात, मंदारवती उठून बसते, आणि तिघं पुन्हा भांडू लागतात. वेताळ त्याला खांद्यावरून नेणाऱ्या राजाला विचारतो, सांग, ही कुणाची?

तीन दावेदार आणि एक प्रेत. ‘अँटी इंडियन’चा सांगाडा तोच आहे, फक्त काळ बदललेला. मारनला ही कथा आठवली होती की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. माझा मुद्दा असा की मंदारवतीच्या गोष्टीत प्रत्येक दाव्याला वजन आहे. राखेवर झोपणाऱ्याचं बरोबर वाटावं, तोच अस्थी वाहून नेणाऱ्याचे पाय डोळ्यासमोर यावेत. म्हणून राजाला विचार करावा लागतो, आणि ऐकणाऱ्यालाही. राजा म्हणतो, जीव देणारा तो बापाच्या ठिकाणी, अस्थी गंगेला नेणारा मुलाच्या ठिकाणी, राखेला कवटाळून झोपलेला तोच नवरा. हे उत्तर पटो न पटो, पण ते द्यायला राजाला तिघांच्याही मनात शिरावं लागलं. मारनच्या चित्रपटात कुणाच्याही दाव्यात जीव नाही. सगळ्यांना मतं हवीत, मान हवा, पैसा हवा. मग ऐकणाऱ्यानं विचार कशाचा करायचा? निकाल दिग्दर्शकानं खटला उभा राहण्याआधीच लिहून ठेवलेला. मुसलमान शेजाऱ्याला खरोखर वाटत असेल की याची जनाज्याची नमाज झालीच पाहिजे, नाहीतर आपण याचे देणेकरी राहू; एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकाला खरोखर झोप लागत नसेल की याच्या मुखात गंगा पडली नाही. असा एकच माणूस त्या गर्दीत असता, तर सगळ्या ढोंगाला धार आली असती. खोटं उघडं पडायला शेजारी थोडं खरं असावं लागतं.

वेताळ आठवण्याचं दुसरं कारण चेन्नईतलं वडपळनी. मराठी घरांत चार पिढ्यांनी जो ‘चांदोबा’ वाचला, तो याच शहरातून यायचा. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये हे मासिक सुरू केलं, १९५२ मध्ये मराठी ‘चांदोबा’ निघाला. आज आरकाट रोडवर जिथं मोठा मॉल आणि इस्पितळ उभं आहे, त्या भागात नागी रेड्डींचा विजया-वाहिनी स्टुडिओ होता. चित्रपट आणि चांदोबा एकाच कुटुंबाचे, एकाच पेठेतले. विक्रम राजा आणि खांद्यावरचा वेताळ हे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढचं चित्र काढलं ते के. सी. शिवशंकरन यांनी, ज्यांना सगळे शंकर म्हणत. २०२० मध्ये ते वारले, नव्वदी केव्हाच ओलांडलेली. ते चित्र जवळून बघा. उपसलेली तलवार, स्मशानातला काळोख, आणि राजाचं पाऊल चालतं आहे. तो उभा राहून ऐकत नाही, चालता चालता ऐकतो. प्रेताचं वजन त्याच्या चालण्यात दिसतं, खांदा किंचित कललेला आहे. शंकरना प्रेत हलकं काढता आलं असतं. त्यांनी ते जड काढलं.

आणि त्या कथा लिहिणारा कोण होता? सोमदेवाच्या कथा पंचवीसच. चांदोबातला वेताळ महिन्यामागून महिने, वर्षानुवर्षं नवी गोष्ट सांगत राहिला. त्यामागचे मोठे हात कोडवटिगंटी कुटुंबराव यांचे. तेलुगूतले पहिल्या रांगेचे कथाकार, कट्टर विवेकवादी, आणि परखड टीकाकार. चित्रपटांवर त्यांनी इतकं लिहिलं की त्या लेखांची वेगळी पुस्तकं निघाली. १९५२ पासून १९८०मध्ये मरण येईपर्यंत ते चांदोबाचा संपादकीय भार वाहत होते, जरी बराच काळ संपादक म्हणून छापलं जाणारं नाव चक्रपाणींचं होतं. भुताखेतांवर विश्वास नसलेला हा माणूस दर महिन्याला वेताळाला बोलतं करत होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. टीकाकार कुटुंबराव एका टेबलाशी बसत, गोष्टकार कुटुंबराव दुसऱ्या, आणि पहिला दुसऱ्याच्या कानाशी लागत नसे. वेताळकथेची मांडणीच तशी आहे. वेताळ आधी गोष्ट पुरती सांगतो, कुणाचीही बाजू न घेता. प्रश्न शेवटी येतो, गोष्टीच्या बाहेर येतो, आणि उत्तर दुसऱ्यानं द्यायचं असतं. गोष्टीच्या पोटात उत्तर दडवलेलं असेल तर राजाचं मौन सुटणारच नाही आणि प्रेत झाडावर परत जाणार नाही. खेळच संपला.

‘अँटी इंडियन’ लागला तेव्हा आमच्या इमारतीतला एक कॉलेजचा मुलगा मला जिन्यात म्हणाला होता, “काकू, आता कळलं असेल त्याला. दुसऱ्याला नावं ठेवणं सोपं असतं.” तमिळमध्ये हे वाक्य आव्हान म्हणून परीक्षकांच्या तोंडावर फेकलं जातं: तू एक पडम् काढून दाखव, मग बोल. मी त्या मुलाला म्हटलं, “अरे, तुझ्या आईच्या सांबारात मीठ जास्त झालंय हे सांगायला तुला सांबार करता यायला हवं का?” तो हसला, पण त्याला ते पुरतं पटलं नाही. मला मात्र त्यात शंका नाही. मारनचा चित्रपट फसला म्हणून त्याची परीक्षणं खोटी ठरत नाहीत. त्यानं ज्यांना पोकळ म्हटलं ते चित्रपट पोकळच होते. उलट दिशेनंही तेच: त्याची परीक्षणं कडक होती म्हणून त्याच्या चित्रपटाला कडक शिक्षा द्यायची, हा सूड झाला. त्याच्या चित्रपटावर चित्रपट म्हणूनच बोललं पाहिजे. माझी तक्रारही एवढीच आहे की बरेच जण त्या चित्रपटावर बोललेच नाहीत. ते मारनवर बोलले.

हा भेद चेन्नईत नीट पाळायला हवा, कारण इथं परीक्षणावरच घाला घालायचे प्रयत्न होत असतात. २०१७ मध्ये निर्मात्यांच्या मंडळाच्या अध्यक्षपदावरून अभिनेता विशालनं जाहीरपणे सुचवलं होतं की परीक्षकांनी तीन दिवस थांबावं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘कंगुवा’ हा चित्रपट कोसळल्यावर निर्मात्यांच्या एका संघटनेनं थिएटर मालकांना सांगितलं की यूट्यूबवाल्यांना आवारात प्रेक्षकांच्या मुलाखती घेऊ देऊ नका. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबरमध्ये न्यायालयानं सरसकट तात्पुरती बंदी घालायला नकार दिला. बरं झालं. पदरचे पैसे मोडून तिकीट काढणाऱ्या माणसाला शुक्रवारी दुपारी कुणीतरी खरं सांगायलाच हवं. तेव्हा मारनच्या फसलेल्या चित्रपटाचा दाखला देऊन सगळ्या परीक्षकांची तोंडं बंद करू पाहणाऱ्यांच्या रांगेत मी उभी राहणार नाही.

असाच दुसरा माणूस मला अमेरिकेत दिसतो, आणि त्याची गोष्ट मारनच्या गोष्टीला जोडून बघण्यासारखी आहे. कार्टूनची परीक्षणं करणारा, ‘मिस्टर एंटर’ या नावानं ओळखला जाणारा. वाईट कार्टूनचे वाभाडे काढणारी त्याची एक मालिका आहे आणि चांगल्या कार्टूनची वाखाणणी करणारी दुसरी. मुलांना गृहीत धरणारे, मोठ्या माणसांना मूर्ख दाखवणारे, उगाच क्रूर असणारे भाग तो पकडतो आणि ते का वाईट आहेत हे पोटतिडकीनं सांगतो. त्याच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. पुढे त्यानं स्वतःची एक कार्टून मालिका कल्पिली, ‘ग्रोइंग अराउंड’. कल्पना अशी: एक जग, जिथं मुलं कारभार बघतात, नोकऱ्या करतात, घर चालवतात, आणि मोठी माणसं शाळेत जातात, खेळतात, ओरडा खातात. टीव्हीवर ती मालिका कधी आली नाही. कल्पना मात्र लोकांपुढे आली, आणि तिच्यावर टीकेची झोड उठली.

मी त्या कल्पनेवर टीका करते ती अशी. जगाचा नियम एका वाक्यात सांगता येतो, ऐकल्यावर हसू येतं, ठीक. पण मुलं जर मोठ्यांसारखं वागू लागली तर ती फक्त उंचीनं कमी असलेली मोठी माणसं झाली. मोठी माणसं मुलांसारखी वागू लागली तर ती फक्त उंच मुलं झाली. अदलाबदल पूर्ण आणि सरसकट झाली की काहीच बदललं नाही, नुसते कपडे बदलले. मला विचारायचं असतं ते वेगळंच. घर चालवणाऱ्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलीला रात्री विजा कडाडल्यावर भीती वाटते का? वाटली तर ती कुणाच्या कुशीत जाते? आपल्या बापाच्या जाते का, ज्याला सकाळी तिनंच गृहपाठासाठी रागावलं होतं? आणि त्या बापाच्या अंगात, त्या एका रात्रीपुरतं, काहीतरी जुनं जागं होतं का? या प्रश्नांपाशी मालिका सुरू होऊ शकते. नियमांची वही कितीही जाड केली, कुठल्या वयाला कुठलं काम, कुणाला गाडी चालवता येते, याचे कितीही तक्ते केले, तरी ती रात्र त्यात सापडत नाही. परीक्षकाला तक्ते करावेसे वाटतात, कारण दुसऱ्यांच्या मालिकेतली विसंगती पकडण्यात त्याची उमेद गेलेली असते. आपल्या जगात एकही फट राहू नये ही त्याची धडपड. गोष्ट मात्र फटीतूनच आत येते.

पोराच्या हाती राज्य ही कल्पना आपल्याकडे सिंहासन बत्तिशीच्या लोककथांमध्ये आहे. गुराख्याचा पोर एका उंचवट्यावर बसला की राजासारखा न्याय करतो, खाली उतरला की पुन्हा शेंबडा पोर. भोजराजा तिथं खणतो आणि विक्रमादित्याचं सिंहासन सापडतं. या गोष्टीनं सगळं जग उलटं केलं नाही. एक उंचवटा घेतला, दोन हात लांबी-रुंदीचा. तेवढ्या जागेत नियम वेगळा, बाकी जग होतं तसंच. म्हणून त्या पोराच्या चढण्याला आणि उतरण्याला अर्थ आहे, म्हणून आपल्याला वाटतं की तो वर बसलेला असताना त्याच्या गाई कोण बघतं. एंटरच्या जगात उंचवटा नाही. सगळंच सपाट उलटं आहे.

कल्पना गोष्टीबाहेरून आली की काय होतं हे चेन्नईनं अ‍ॅनिमेशनमध्ये वेगळ्या अंगानंही पाहिलं आहे. इथल्या पेंटाफोर कंपनीनं २००० साली ‘सिंदबाद: बियॉंड द व्हेल ऑफ मिस्ट्स’ केला, माणसांच्या हालचाली यंत्रानं टिपून बनवलेला पूर्ण लांबीचा पहिला चित्रपट म्हणून त्याची नोंद घेतली जाते. त्याच कंपनीचा ‘पांडवाज’ राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोचला. २०१४ मध्ये सौंदर्या रजनीकांत यांचा ‘कोच्चडैयान’ आला. त्यात वडिलांची त्रिमित आकृती तर होतीच, शिवाय २००९ मध्ये वारलेले नागेशही पुन्हा चालते-बोलते केले होते. या सगळ्यांची सुरुवात ‘हे आता यंत्रानं करता येतं’ इथून झाली. परीक्षकाची सुरुवात ‘हे असं करू नये’ इथून होते. दोन्ही ठिकाणी माणूस नंतर शोधावा लागतो, आणि नंतर शोधलेला माणूस क्वचितच सापडतो.

सापडू शकत नाही असं मात्र नाही. फ्रान्सुआ त्रुफो हा पॅरिसमधल्या सगळ्यात जहाल परीक्षकांपैकी एक. जानेवारी १९५४ मध्ये त्यानं फ्रेंच चित्रपटाच्या प्रतिष्ठित परंपरेवर असा लेख लिहिला की त्याचे पडसाद वर्षानुवर्षं उमटत राहिले. १९५८ मध्ये कान महोत्सवानं त्याला प्रवेशिकाच दिली नाही. पुढच्याच वर्षी ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ घेऊन तो तिथं गेला आणि दिग्दर्शनाचं पारितोषिक घेऊन आला. त्या चित्रपटात त्यानं आपल्या जुन्या वैऱ्यांना एकही उत्तर दिलेलं नाही. एक मुलगा आहे, शाळा चुकवणारा, खोटं बोलणारा, आई-बापाला नकोसा झालेला. त्रुफोचं स्वतःचं पोरपण त्यात आहे. जे चित्रपट त्याला आवडत नव्हते त्यांच्यापासून दूर जाण्यासाठी त्यानं तो केलेला नाही. तो मुलगा त्याला सांगायचाच होता. त्याची टीका त्याच्या कॅमेऱ्यात उतरली असेलही, पण त्या मुलाच्या तोंडात त्यानं ती घातली नाही.

मारनकडे तसा माणूस होता, ही मला सगळ्यात लागून राहिलेली गोष्ट. तो स्वतःच तिथं पडून होता. मृत, बोलू न शकणारा. एवढा बोलघेवडा माणूस आपल्या चित्रपटात गप्प पडायचं ठरवतो, याहून मोठी कल्पना मला त्या चित्रपटात दुसरी दिसली नाही. प्रेताच्या जागेवरून कॅमेरा लावला असता तर? खालून वर बघितल्यासारखं, चेहरे वाकून येताहेत, कुणी अंगावरचं कापड नीट करतंय, कुणी नाकातला कापूस सरकवतंय, कुणी कानाशी येऊन उसने पैसे परत न केल्याची माफी मागतंय. माणसं मृतापाशी एकटी असताना जे बोलतात ते दहा जणांत कधी बोलत नाहीत. धर्माचा कडवा पुढारीही त्या अर्ध्या मिनिटात कुणाचा तरी भाऊ असतो. नंतर तो बाहेर जाऊन भाषण करेल, मतं मोजेल, प्रेत ओढून नेईल, नेऊ दे. आपण त्याचा तो क्षण पाहिलेला असेल, आणि मग त्याचं भाषण ऐकताना आपल्याला नुसती चीड येणार नाही, पोटात गोळा येईल.

मारननं पुढचा चित्रपट काढावा असं मला मनापासून वाटतं. विषय निवडण्याची त्याची नजर पक्की आहे, आणि चेन्नईच्या गल्ल्या, निवडणुका, मरण आणि पैसा त्याला आतून माहीत आहेत. पटकथा हातात घेऊन मला विचारायला आला, तर कोण कुठल्या पक्षाचं, कोण कुठल्या धर्माचं हे मी विचारणार नाही. मी विचारीन की यातला कुठला माणूस तुला आवडतो, आणि का. ज्या पात्राबद्दल तो पानभर बोलू शकेल त्याच्यावर खूण करीन, ज्याच्याबद्दल एका वाक्यात उरकेल त्याची पानं बाजूला काढून ठेवीन. पंचवीस-तीस पात्रांपैकी तीन-चार जरी उरली, तरी पुरे आहेत. सोमदेवाला तीन पुरले होते.